खटका कोणी पाडला?

आमच्या वरवट बकालला उन्हाळा आला हे मला कॅलेंडरवरून कळत नाही. गच्चीवर जाते, सोलरच्या प्लेटांवर बोट फिरवते. बोट मातीनं भरलं की समजायचं, आला. मग फडकं आणि बादली घेऊन प्लेटा धुवायच्या. त्यातही एक मेख आहे. आमच्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यानं प्लेट धुतली की वाळल्यावर वर पांढरी खपली धरते. म्हणून नळाला आलेलं गोडं पाणी वर न्यावं लागतं, आणि प्यायचं पाणी गच्चीवर ओतताना दिसलं की रस्त्यानं जाणारा माणूस मान वर करून उभा राहतो. काल असाच एक म्हातारा थांबला. "काय मॅडम, धुनं धुऊन राह्यल्या का पूजा करून राह्यल्या?" मी फडकं पिळून पुढची प्लेट घेतली. असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला फक्त बघायचं असतं.

धुऊन खाली आले की माझी नजर पहिल्यांदा जाते ती न्हाणीकडं जाणाऱ्या बोळीतल्या सोलरच्या खटक्यावर. वर आहे की खाली? कोणी हात लावला का? दोन उन्हाळे झाले तरी ही सवय जात नाही. घरातले हसतात. हसोत. ज्यानं तो एक उन्हाळा या घरात काढला नाही, त्यानं माझ्या संशयाला हसू नये.

तसा माझा स्वभाव उपजतच संशयी नाही. तो हायस्कुलानं दिला. उभी हयात परीक्षेच्या वर्गांवर उभी राहिले मी. पोरगं छताकडं बघायला लागलं की ते विचार करत नसतं, बाई कुठं बघते ते बघत असतं. ज्याला तीनदा पाणी पाजायला लागतं त्याच्या खिशात कागद असतो. आणि सगळ्यात साळसूद, सगळ्यात शांत बसलेलं लेकरू असतं ना, त्याच्या मागं जाऊन आधी उभं राहायचं. हे मी नव्या शिक्षिकांना दरवर्षी सांगते. घरात मात्र हा धडा मी नेमका विसरले, आणि शांत बसलेल्या माणसाकडं बघितलंच नाही.

तर तो उन्हाळा. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मायला ऊन लागलं होतं. माय म्हणजे माझी सासू. घरात सगळेच तिला माय म्हणतात, मीही. भर दुपारी ती मागच्या अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाजवळ पडलेली सापडली. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, आणि मला ओळखेना. माझ्याकडं बघून ती तिच्या मेलेल्या बहिणीशी बोलत होती. खामगावला नेलं, वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "यांच्या शरीराचं गार व्हायचं काम आता नीट चालत नाही. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी गार खोलीतच ठेवा. दुसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही." डॉक्टर लोक 'काही सांगू शकत नाही' म्हणतात तेव्हा ते सगळं सांगून झालेलं असतं. मी ते वाक्य घरी आणलं आणि प्रत्येकाला ऐकवलं.

खोली गार ठेवायची म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडं माणसं कूलरवर वाढतात. ताट्यांमधला वाळा ओला झाला की त्याचा वास, पाण्याची पिचपिच, दुपारी चादर पांघरून झोपायची चैन. पण कूलरला लाईन लागते, आणि आमच्याकडं लाईन दुपारीच जाते. ज्या वेळी माणूस मरायला टेकतो नेमकी त्या वेळी. तेव्हा आमच्या यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, शेगावकडचा एक सोलरवाला शोधून आणला. थेट प्लेटांवर चालणारा एसी. बॅटरी नको, लाईन नको. ऊन पडलं की चालू, ऊन जितकं कडक तितका गार.

मला तेव्हाच शंका आली. जे ऊन मायला मारायला निघालं होतं तेच आता तिला गार करणार, हे मला पटेना. शिवाय त्या सोलरवाल्याचं प्रत्येक वाक्य "मॅडम, टेन्शनच घ्यायचं नाही" असं सुरू व्हायचं. जो माणूस सारखं टेन्शन घेऊ नका म्हणतो, त्याच्याकडं टेन्शन घेण्यासारखं काहीतरी असतंच.

ते निघालं. प्लेटा एका वेळी एकच काम करू शकत होत्या. एक तर मायचा एसी चालवायचा, नाही तर घराच्या इन्व्हर्टरची बॅटरी भरायची. त्यानं बोळीत भिंतीवर एक डबा बसवला, त्याला छातीइतक्या उंचीवर लोखंडी दांडा. "खटका वर केला का प्लेटा एसीले, खाली केला का इन्व्हर्टरले. सकाळी बॅटरी भरून घ्या, दुपारी एसीवर टाका, ऊन उतरलं का पुन्हा खाली. फक्त एक ध्यानात ठेवा. एसी चालू असताना खटका ओढायचा नाही. आधी रिमोटनं बंद करायचा, मंग खटका. हे घरच्या लाईनसारखं नाही मॅडम, हा डीसी करंट. आतमंधी ठिणगी पडते, चिकटून राह्यते." आणि मग अर्थातच, टेन्शन घ्यायचं नाही.

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मला तेव्हाच आठवली होती. मी ती बोलून दाखवली नाही एवढंच.

कारण इन्व्हर्टर म्हणजे सुनंदा. सुनंदा माझी धाकटी जाऊ. दीर मलकापूरला एका ट्रान्स्पोर्टमध्ये असतात, रविवारी येतात. सुनंदा वरच्या टिनाच्या खोलीत राहते आणि ब्लाऊज शिवते. मशीनला मोटार. उन्हाळ्याची लग्नसराई हा तिचा हंगाम. नवरीकडच्या बायका माप देऊन जातात ते परवाच पाहिजे म्हणून, आणि दुपारी लाईन गेली की तिची मशीन इन्व्हर्टरवर. म्हणजे ज्या तासाला मायला प्लेटा हव्या, त्याच तासाला सुनंदालाही हव्या. आता मला सांगा, यात संशय घ्यायला जागा नाही असं कोण म्हणेल?

पहिले काही दिवस मात्र घरात नवलच होतं. मायच्या खोलीत पाय टाकला की अंगावर काटा यायचा. बाहेर अंगणात कुरडया दुपारपर्यंत खडखडीत वाळायच्या आणि आत माय गळ्यापर्यंत गोधडी ओढून पडलेली. एखादा ढग प्लेटांवर आला की एसीचा आवाज खाली जायचा, दमल्यासारखा, आणि ढग सरला की पुन्हा घुमायला लागायचा. खोलीत पडल्या पडल्या मायला बाहेरचं आभाळ ऐकू यायचं. "आता ढग आला पाह्य," ती म्हणायची, आणि खरंच आलेला असायचा. रिमोट मी माझ्याकडं ठेवला. तिच्या हातात दिला होता, तर तिनं कसलं तरी बटन दाबून नुसताच वारा सोडला आणि तासभर घामाघूम होऊन पडली. तेव्हापासून रिमोट माझ्या पर्समध्ये.

आणि एक नियम आपोआप तयार झाला. दार लावा, गारवा जातो. पाणी द्यायला गेलं तरी पाणी ठेवायचं आणि बाहेर. सांडगे तिला दाखवायला नेले तरी दाखवायचे आणि बाहेर. शेजारची एखादी बाई मायला भेटायला आली की मीच दारात उभी राहून म्हणायची, लवकर आत व्हा किंवा लवकर बाहेर या, दार उघडं ठेवू नका. आयुष्यभर जी बाई ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीची खबर घ्यायची तिच्या खोलीला उन्हाळाभर दार लागलेलं. पण जीव वाचत होता. जीव वाचत असताना माणूस बाकीचं मोजत नाही.

मग एका दुपारी एसीचा आवाज थांबला. बाहेरचं यंत्र माझ्याच खिडकीखाली लावलंय, त्यामुळं तो थांबला की मला झोपेतही कळतं. ढग असेल म्हणून थांबले. बाहेर आभाळ लख्ख. बोळीत गेले, तर खटका खाली. तेवढ्यात जिन्यावरून सुनंदा धडधडत खाली आली. इन्व्हर्टर जिन्याच्या वळणावर आहे, प्लेटा त्याच्याकडं आल्या की तो टीं करून ओरडतो. ती म्हणाली, "काऊन हो ताई, खटका काऊन खाली केला?" मी तिच्याकडं बघत राहिले. मी विचारायचा प्रश्न तिनं आधी विचारला होता. परीक्षेत असं पोरगं मी ताबडतोब उठवते.

पण आधी माय. दोघी मायच्या खोलीत गेलो, दार उघडलं, सुनंदानं पदरानं वारा घातला, मी कांदा किसून तिच्या तळपायाला लावला. मायनं डोळे उघडले. "काय झालं वं?" अगदी भोळा चेहरा. मग इकडचं तिकडचं बोलत आम्ही बसलो, खटका वर केला, एसी पुन्हा लावला, दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी पाळत ठेवायला लागले. सुनंदानं गच्चीवर साड्या वाळत घातल्या तरी मी सावली कुठवर जाते ते बघायची, प्लेटांवर तर पडत नाही ना. ती मुद्दाम पाडते असं नाही, पण पडली तर तिला वाईट वाटत नसावं असं मला वाटायचं. तिची मशीन वर घर्रघर्र चालली की मी पायरीवर उभी राहून कान द्यायची. ही लाईनवर चालली की आपल्या प्लेटांवर? आवाजावरून काही कळत नाही, पण संशय आला की माणसाला कळल्यासारखं वाटतं.

मधेच एकदा गुन्हा सापडला. आणि गुन्हेगार निघाला शब्द.

झालं असं. एसीवर कंपनीनं चमकती पट्टी लावली होती, तिच्यावर मोठ्या अक्षरात इन्व्हर्टर. हल्ली एसीची ही एक जातच निघाली आहे, इन्व्हर्टर एसी. आणि यांनी दुकानात तेवढंच ऐकलेलं. शेतात जाताना हे सुनंदाला जिन्याखालून ओरडून गेले, "सुनंदा, माय झोपली, इन्व्हर्टरवर टाकून दे." यांच्या मनात एसी. तिच्या मनात बॅटरी. तिनं इमानानं येऊन खटका खाली केला आणि दादांच्या, म्हणजे यांच्याच, सांगण्यावरून केला म्हणून निर्धास्त मशीनवर बसली. संध्याकाळी उलगडा झाल्यावर हे डोकं खाजवत म्हणाले, "त्याच्यावर तं तेच लिहेल हाये." आम्ही त्या दिवशी पोट धरून हसलो. सुनंदाही हसली. मायला सांगितलं तर तीही हसली, जरा जास्तच. मला वाटलं, सुटलं. घरात चोर नाही, नुसता शब्दाचा घोळ.

म्हणून मी बुटाचं पांढरं पॉलिश आणून त्या डब्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं. फळ्यावर लिहिते तसं, ठळक. वर 'माय'. खाली 'मशीन'. आता कोणी म्हणू नये की कळलं नाही. मला माझ्या डोक्याचं कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात खटका खाली. मशीनवर.

आता मात्र माझं डोकं फिरलं. वाचून, समजून, कोणीतरी मायवरून हात काढला होता आणि मशीनवर ठेवला होता. सोलरवाल्याला बोलावलं. त्यानं डबा उघडला, आत बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं. "कोणीतरी चालू एसीवर खटका ओढून राह्यलं मॅडम. चालत्या गाडीतून उतरल्यासारखं. एखाद्या दिवशी पेटलं ना हे..." टेन्शन घ्यायचं नाही, हे म्हणायचं तो पहिल्यांदाच विसरला. मी हिशेब लावला. चालू एसीवर ओढतं म्हणजे रिमोट नसलेलं माणूस. रिमोट माझ्याकडं. हे दिवसभर शेतात. माय पलंगावर, तिला पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरावा लागतो. उरलं कोण?

सुनंदा कातरी घेऊन ब्लाऊजचं कापड कापत होती. मी दारातूनच विचारलं, "सुनंदा, खटका तू पाडते का?"

तिनं कातरी थांबवली नाही. "मी काऊन पाडीन? तुमीच पाडता, अन् तुमीच धावत येता."

"मी? मी कायले पाडीन वं?"

"मले चोर ठरवाले." आता तिनं कातरी ठेवली. "माही मशीन काय मायच्या जिवापेक्षा मोठी हाये का, ताई? तुमी तं तसंच लिहून ठेवलं. वर माय, खाली मशीन. येता-जाता वाचून राह्यली मी. घरात एवढ्या गोष्टी हायेत, तुमाले मायसमोर मांडाले माहीच मशीन सापडली."

मी म्हणाले, लिहिलं ते सोयीसाठी लिहिलं. ती म्हणाली, सोय तुमची. मी म्हणाले, डॉक्टर काय बोलले ते तुला माहीत आहे ना. ती म्हणाली, मी रोज रात्री मायचे पाय चेपते, तुमी डॉक्टरचं वाक्य चेपता. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. ती जे बोलली तेही नाही. खाली उतरले तेव्हा आमचं बोलणं बंद झालं होतं.

वैशाखातलं अबोलं घर कसं असतं ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. उत्तरेला सातपुडा धुरकट होऊन दिसेनासा होतो. लिंबाचं पान हलत नाही. आणि घरात दोन बायका, एक वर एक खाली, एकमेकींच्या पावलांचा आवाज ओळखून वाट बदलणाऱ्या. जे काही सांगायचं ते मायमार्फत. "माय, त्यांना म्हणावं गव्हाचे सरगुंडे वळायला घेतले." "माय, त्यांना म्हणावं मीठ संपलं." माय दोन्हीकडचे निरोप ऐकायची आणि एकही पोचवायची नाही. खटका मात्र पडतच होता. पडला की आम्ही दोघी धावायचो, पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकीनं वारा घालायचा, एकीनं पाणी द्यायचं, एकमेकींकडं न बघता. मला मनातून वाटायचं, हिला आता लाज कशी वाटत नाही. तिलाही माझ्याबद्दल हेच वाटत असणार.

मग ती दुपार आली.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती. विहारात बायकांची बैठक होती, खिरीचं आणि पांढऱ्या साड्यांचं ठरवायला. मी एसी लावला, दार लावलं, निघाले. वर मशीन चालल्याचा आवाज होता, म्हणजे सुनंदा घरात आहे. तिला सांगून जायचा प्रश्नच नव्हता. आणि सुनंदा थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाला नवरीच्या घरी ब्लाऊज अंगावर बघायला गेली. खाली ताई आहेतच असं धरून. तिनंही सांगितलं नाही.

बैठकीत माझं लक्ष लागेना. तेव्हा नेहमीप्रमाणं संशयच माझ्या मनात होता, दुसरं काही नाही. मी घरात नाही हे बघून हिनं खटका पाडला असेल. हातोहात पकडू म्हणून मी मधेच उठले आणि उन्हात चालत घरी आले.

घर गप्प होतं. खिडकीखालचं यंत्र बंद. मशीन बंद. बोळीत वळले तर माय खाली बसलेली, भिंतीला टेकून, पाय पसरून, नेमकी त्या खटक्याखाली. खटका 'मशीन'वर. तिच्या हातात काठी. ती काठीचं टोक वर नेत होती, दांड्याखाली अडकवत होती, आणि काठी घसरून पडत होती. पुन्हा उचलत होती. तो दांडा खाली काठीनं ढकलला की पडतो. वर करायला मनगट लागतं. तिचा चेहरा लालबुंद होता आणि कपाळ कोरडं. घाम नव्हता. मी "माय" म्हणाले तर ती म्हणाली, "आली का वं शांता." शांता तिची मेलेली बहीण.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. सुनंदाचं नाव ओरडले असणार, कारण गल्लीच्या टोकावरून ती अनवाणी धावत आली, गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच. बोलणं बंद असल्याचं दोघींनाही आठवलं नाही. तिनं डोकं धरलं, मी पाय. पलंगावर टाकलं. "ताई, खटका." "तू कर, मी पाणी आणते." गच्चीवर न्यायला भरून ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या बादल्या होत्या, त्यात चादरी बुचकळून तिच्या अंगावर टाकल्या, काखेत ओले फडके ठेवले, सुनंदा चमच्यानं ओठ ओले करत राहिली. फोन ऐकून हे शेतातून गाडी घेऊन आले तोवर मायच्या मानेवर बारीक घाम फुटला. तो घाम बघून सुनंदा रडायला लागली. मीही. घामासाठी रडणारी माणसं या जिल्ह्यात आम्हीच असू.

आता इथं माझ्यातली पर्यवेक्षक मला गप्प बसू देत नाही, म्हणून सांगते. मी डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच की माय खटका वर करू पाहत होती. खाली कोणी केला ते मी पाहिलेलं नाही. माय म्हणते, सगळ्या वेळा मीच केला, काठीनं, न्हाणीत जाता-येता. सुनंदानं जाताना बॅटरी भरायला टाकला असेल आणि माय तिला पाठीशी घालत असेल, असं होऊच शकत नाही का? होऊ शकतं. आपणहून गुन्हा कबूल करणारं पोरगं बहुधा शेजाऱ्याला वाचवत असतं, हाही माझा अनुभव आहे. माय अजून आहे, सुनंदा अजून वरच राहते, आणि मी हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारलेला नाही. पण बोळीतून जाताना खटक्याकडं बघते ते यासाठी. नव्वद टक्के माझा मायवर विश्वास आहे. उरलेला मी माझ्यासाठी ठेवलाय.

पण त्या संध्याकाळी माय काय म्हणाली ते मला संशयानं पुसता येत नाही. डॉक्टरांना दाखवून आणलं होतं, ऊन उतरलं होतं, दार उघडं होतं, ती उशीला टेकून पन्हं पीत होती. आम्ही दोघी पलंगाच्या दोन्ही बाजूंना. तिनंच आपणहून सांगितलं, मीच पाडत होती तो खटका. लहान लेकरानं सांगावं तसं, भांड्याकडं बघत. मला राग आवरेना. काळं झालेलं बोट आठवलं. ही म्हातारी चालू करंटवर काठी मारत होती.

"माय, जीव गेला असता तुमचा. एवढं काय अडलं होतं? हाक मारायची होती ना. आमी काय बहिऱ्या हावोत का?"

"हाक मारली तं एकच येते," माय म्हणाली. "अन् येते ते दुसरीचं गाऱ्हानं घेऊन येते. पाणी ठेवते अन् दार लावून जाते." तिनं भांडं रिकामं करून माझ्या हातात दिलं. "ते बंद पडलं का दोघी येता. बसता."

सुनंदा माझ्याकडं बघत नव्हती. मी तिच्याकडं बघत नव्हते. कोणी कोणाची माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा हुक लावायचे ब्लाऊज आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन खाली आली. मी निवडायचे तांदूळ घेऊन आधीच मायच्या पायाशी बसले होते. तिनं बोळीतून आवाज दिला, "ताई, रिमोट बंदच हाये ना?" मी हो म्हणाले. खट् करून आवाज आला. मी रिमोट दाबला, यंत्र घुमायला लागलं, मायनं गोधडी ओढली आणि डोळे मिटले. सुनंदा आत आली, उंबऱ्यावर जरा थांबली. मग तिनं दार लावलं. आतून.